परत घालून पाहिलंस का?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेशमॅनियाच्या, म्हणजे त्वचेवर व्रण करणाऱ्या परजीवीच्या, जेलचा फोटो पाहिला. निळ्या जिलेटिनवर जीपी६३चे, म्हणजे परजीवीच्या त्या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचे, पांढरे बँड सुरेख उठलेत, त्याला रोखणारं फेनॅन्थ्रोलिन घातल्यावर नाहीसेही झालेत. काम स्वच्छ आहे. पण ज्या रुग्णाचा व्रण सगळ्यांत लहान, त्याच्याच परजीवीचा बँड सगळ्यांत ठळक आला, ‘जीपी६३ जास्त तर व्रण मोठा’ हे गणित बिघडलं, म्हणून तू विचारतेस, ‘तो नमुना वगळू का?’ वगळायचा नाही. निदान विचारलंस हे बरं. न विचारता वगळणारे पुष्कळ पाहिलेत.

अगं, तुझा जेल फ्लास्कमधल्या प्रोमॅस्टिगोटचा, म्हणजे परजीवीच्या माशीतल्या रूपाचा. त्वचेत वाढतात ते अमॅस्टिगोट, त्याचं दुसरं रूप, आणि त्यांच्यात जीपी६३ फार कमी असतं. या एन्झाइमची खरी गरज सुरुवातीला. वाळूमाशी चावली की ते सी३बी छाटतं, परजीवीला कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे सी३बीसारख्या रक्तातल्या जंतुमारक प्रथिनांच्या, माऱ्यातून वाचवतं आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशीत शिरायला मदत करतं. पुढे व्रण किती चिघळणार, हे एकट्या त्याच्या हातात नाही. लेशमॅनिया मेजर ही एकच प्रजाती घे, सी५७ब्लॅक६ जातीच्या उंदराला टोचली तर व्रण भरून येतो, बाल्ब-सी जातीच्या उंदराला टोचली तर पसरत जातो. एन्झाइम तेच ना? शिवाय कुठला नमुना किती पॅसेजचा, म्हणजे किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवलेला आहे, याचा तुझ्या तक्त्यात पत्ता नाही. फार काळ फ्लास्कमध्ये वाढवलेले परजीवी मवाळ होतात, हे तुला मी सांगायचं?

तेव्हा माझं जुनंच टुमणं ऐक. जीन काढ, व्रण बघ. मग तोच जीन परत घाल आणि पुन्हा व्रण बघ. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टॅनली फाल्को यांनी १९८८ मध्ये रोगजंतूंसाठी ही कसोटी मांडली, ती काही नुसती परीक्षेत लिहायला नाही. मेजरमधले जीपी६३चे ओळीतले सात जीन काढले तेव्हा व्रण उशिरा आला, आणि एक जीन परत दिल्यावर परजीवी पूर्वपदावर आला. मेक्सिकाना या दुसऱ्या प्रजातीची गोष्ट त्याहून मजेची. तिथे सीपीबी या सिस्टीन प्रोटिएजचे, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमचे, १९ जीन एका रांगेत आहेत. रांग काढली, परजीवी नरमला. पण एखादाच जीन परत घालून उंदरातली ताकद काही परत येईना. त्याला अनेक जीन एकत्र द्यावे लागले. परत घातलेच नसते, तर हे कळलं असतं का कुणाला?

माझ्याबद्दल लोक काय बोलतात ते ठाऊक आहे मला. ॲड-बॅकचं, म्हणजे जीन परत घालण्याचं, तुणतुणं वाजवत बसलो आणि दुसऱ्या गटाने तोच निष्कर्ष ॲड-बॅकशिवाय आधी छापला. त्या उशिरात माझ्या हाताखालच्या एका मुलाची फेलोशिप संपली, तो संशोधनच सोडून गेला. याची खंत आहे, आणि ती राहणार. तरीही आज मी तेच करीन. जीन काढताना परजीवी किती दिवस औषधात, किती वेळा क्लोन होऊन जातो! त्या हालांनीच तो दुबळा पडला नाही कशावरून? परत घातल्याशिवाय हे कसं सांगणार? हट्टी म्हणायचं तर म्हण.

तुझ्या सरांना घाई आहे, त्यांची अडचणही मला समजते. त्यांना सांग, आत्ता एवढंच छापता येईल की या नमुन्यांत जीपी६३ची क्रिया कमी-जास्त आढळली. रोगाच्या तीव्रतेबद्दल एक शब्द नाही.

आणि ॲड-बॅक करशील तेव्हा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे क्रोमोसोमबाहेरच्या सुट्या डीएनएवर, ठेवून निर्धास्त होऊ नकोस. फ्लास्कमध्ये ते टिकवून धरणारं औषध असतं, उंदरात नसतं. प्लाझ्मिड गळून जातं. जीन क्रोमोसोममध्येच, राइबोसोमल आरएनएचे जीन असतात त्या ठिकाणी, बसव आणि शेवटी व्रणातून काढलेल्या परजीवींत तो अजून चालू आहे का, ते तपास. नाहीतर व्रण लहान का राहिला, जीन कुचकामी म्हणून की गळाला म्हणून, हे तुलाही सांगता येणार नाही.