पिंग ३५ दिसतो, तरी गोळ्या लागत नाहीत आणि भिंतीआड गेल्यावर मरतो. नागपुरात १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करू का?

नका करू. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. तुम्ही लिहिलंय की घर मानेवाड्याला आहे, फायबर आहे, दिवसा गेम बरा चालतो. रात्री नऊनंतर मात्र काउंटर-स्ट्राइक २ मध्ये समोरचा खेळाडू जागच्या जागी थबकतो आणि एकदम पुढे उमटतो, आणि आपण भिंतीआड पोचलो तरी मरतो. यातल्या पहिल्या दुखण्याला औषध आहे. दुसऱ्याला अर्धंच आहे. २०० चा प्लॅन हे यातल्या कशावरचंच औषध नाही.

मी बरीच वर्षं सीताबर्डीला गेमिंग कॅफे चालवला, आता लोकांच्या घरी नेटवर्क लावून देतो. रोज एक तरी पोट्टा विचारतो, "दादा, स्पीड टेस्ट तर मस्त येते, मग गेम काऊन अटकून राहिला?" कारण नेमबाजीच्या गेमला स्पीड लागतच नाही. बहुतेक गेम १ एमबीपीएसच्या आतच भागवतात. त्यांना लागते ती वेळेची शिस्त. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा जगाचा हिशोब करतो, म्हणजे साधारण दर १५.६ मिलिसेकंदांनी एकदा. व्हॅलोरंट या तशाच गेमचा १२८ वेळा करतो. तुमची पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) त्या ठोक्यावर पोचली पाहिजेत. बहुतेक पाकिटं २५-२६ मिलिसेकंदांत आणि मधूनच एखादं ४०० ला पोचलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी पिंगची सरासरी फार बिघडलेली दिसत नाही, पण तुमचा डाव तेवढ्यात संपलेला असतो. या चढउताराला जिटर म्हणतात. तुमचं दुखणं बहुतेक तेच आहे.

ते कुठे होतं हे शोधायला वीस मिनिटं पुरतात. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत तुमच्या राउटरच्या पत्त्याला पिंग लावा (बहुतेक घरी तो १९२.१६८.१.१ असतो), दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर, म्हणजे घराबाहेरचा). कमांडच्या शेवटी डॅश टी जोडलं की तुम्ही थांबवेपर्यंत ती चालू राहते. हे रात्री नऊलाच करा, सकाळी करून उपयोग नाही. राउटरच्या खिडकीतच आकडे १ वरून ८० वर उडत असतील, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर १ वर स्थिर आणि बाहेरची खिडकी उडते आहे, तर दोष तुमच्या लाइनीत किंवा तिच्यावर लागणाऱ्या डेटाच्या रांगेत.

वायफायचं लवकर आटोपतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. फ्लॅट स्कीममध्ये वीस राउटर त्या तिघांवर भांडत असतात. लॅनची वायर टाका. भिंतीच्या कडेने पट्टी मारून नेली की डोळ्यांना खुपत नाही. वायर अगदीच जमत नसेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या आणि राउटर खेळायच्याच खोलीत आणा.

आता रांग. हे नीट वाचा, कारण माझ्या अनुभवात रात्री नऊनंतरच्या लॅगमागे सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याकडे हाच प्रकार होता. त्याचा लॅपटॉप लॅनवर होता, राउटरचा पिंग १ वर ठाम. बाहेरच्या खिडकीत २४, २५, २४, २४ असं चाललं होतं आणि अचानक ३८०, ४०५, ४१२. मिनिटभर तसंच, मग परत २४. आम्ही दोघं त्या काळ्या खिडकीकडे बघत बसलो. तेवढ्यात आतल्या खोलीतून ताईची हाक आली, "अरे, लग्नाचे फोटो चढले का बघ रे, फोन गरम झाला." घरच्या लग्नाचे सातशे फोटो आणि व्हिडिओ तिचा फोन क्लाउडवर चढवत होता. ते थांबवलं, आकडा २४ वर. पुन्हा सुरू केलं, ४००.

हिशोब सोपा आहे. त्याच्या प्लॅनमध्ये अपलोड २० एमबीपीएस होतं. वाटेतल्या यंत्रात १ एमबी डेटा साठवायची जागा असली आणि ती फोटोंनी भरली, तर ८ मेगाबिट २० ने बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागणार. गेमचं इवलंसं पाकीट त्या सगळ्यांच्या मागे उभं. कळमना मार्केटच्या गेटवर संत्र्याचे ट्रक लागलेत आणि तुम्ही लुनावर एक चिठ्ठी घेऊन त्यांच्या मागे, तशी गत. मागचा रस्ता दुप्पट रुंद केला तरी तुमचा नंबर लवकर लागत नाही. अपलोड वाढवलं तर रांग लवकर सरते, हे खरं. पण फोटो चढवणारा फोनही मिळेल तेवढा रस्ता भरतो, आणि रांग पुन्हा उभी राहते.

गेटवर एक शहाणा माणूस लागतो, जो म्हणेल की ट्रक एका रांगेत, लुना दुसऱ्या रांगेत, आणि दोन्हीतून आळीपाळीने सोडतो. राउटरमध्ये असा माणूस असतो. त्याला एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू म्हणतात, आतल्या पद्धतींची नावं एफक्यू-कोडेल आणि केक. ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) चालणाऱ्या राउटरवर ही सोय फुकट मिळते. ती लावताना एक गोष्ट सगळे विसरतात: वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवायची. २० येत असेल तर १८ लिहा. त्याने रांग ऑपरेटरच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे तुमचा माणूस उभा आहे. भाच्याकडे हे लावल्यावर फोटो चढत असतानाही पिंग २७-३० च्या वर गेला नाही. वेग दहा टक्के कमी केला आणि गेम सुधारला, हे त्याला डोळ्यांनी बघेपर्यंत पटलं नव्हतं.

घरात कोणी काही चढवत नसताना, भर दुपारीही पाकिटं गळत असतील (पिंगमध्ये मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं), तर खिडकी बघा. घराची खिडकी म्हणतोय, जिच्यात कूलर बसतो. आपल्याकडे एप्रिल लागला की घरोघरी कूलर चढतात आणि फायबरची वायरही बहुतेक त्याच खिडकीतून आत येते. त्रिमूर्तीनगरला एका घरी ती कूलरच्या स्टँडखाली दाबून काटकोनात मोडली होती. फायबर तुटायलाच हवं असं नाही. जास्त वाकलं की उजेड वाकणातून बाहेर गळतो. तुमच्या फायबरच्या डब्याच्या सेटिंग पानावर ऑप्टिकल पॉवर दिसतो, उणे आकड्यात. उणे १८, उणे २० छान. उणे २७ च्या खाली गेला की डब्याला नीट वाचता येत नाही. त्या घरी उणे २९ होता. स्टँड चार बोटं सरकवला, वायरीला मोठा गोल वळसा दिला, उणे २१. त्याआधी त्या काकांनी दोन राउटर बदलले होते, फार वाईट वाटलं.

आता भिंतीआड मरण्याचं. यात कोणी तुम्हाला फसवत नाही, बहुतेक वेळा चीटरही नसतो. इंटरनेटवर दोन खेळाडू कधीच एकच क्षण बघत नाहीत. समजा तुमचा पिंग ३०, समोरच्याचा ६०. तुम्ही भिंतीआड शिरलात. ही बातमी सर्व्हरला पोचायला १५ मिलिसेकंद, तिथून त्याच्याकडे ३०. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून त्याचा गेम तुम्हाला मुद्दाम दोन-एक ठोके उशिरा दाखवतो, ते ३१ धरा. म्हणजे ७६ मिलिसेकंदांपर्यंत तुम्ही त्याच्या पडद्यावर उघड्यावरच आहात. त्याने अगदी शेवटच्या क्षणी मारलं, गोळीची खबर ३० मध्ये सर्व्हरला, तिथून १५ मध्ये तुम्हाला. बेरीज १२१. काउंटर-स्ट्राइकमध्ये हातात चाकू घेऊन पळणारा खेळाडू सेकंदाला २५० युनिट धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात ३०. खेळाडूच्या अंगाची रुंदी ३२ युनिट. म्हणजे जवळजवळ अख्खं अंग आत गेल्यावर तुम्ही मेलात, आणि त्याच्या पडद्यावर त्याने तुम्हाला चोख मारलं.

सर्व्हर इथे घड्याळ मागे फिरवून बघतो की गोळी झाडताना त्या माणसाला काय दिसत होतं. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियर यांनी ही पद्धत २००१ मध्ये सविस्तर मांडली, आणि त्यात भिंतीआड मरण्याचा हा तोटाही उघड सांगितला. असं केलं नाही तर प्रत्येकाला शत्रूच्या पुढे अंदाजाने नेम धरावा लागेल. मला हा सौदा योग्य वाटतो. तुमच्या हातात एवढंच आहे की स्वतःचा पिंग स्थिर ठेवायचा आणि एकाच कोपऱ्यातून दोनदा डोकं काढायचं नाही. जो बाहेर येतो त्याला समोरचा आधी दिसतो, हा फायदा तुम्हीही घ्या.

खरा डिसिंक, म्हणजे दोन मशीनवरची जगं वेगळी पडणं, मात्र वेगळा असतो. कॅफेत आम्ही एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचो. त्यात हजारो सैनिकांच्या जागा नेटवर्कवरून जातच नाहीत, जातात फक्त आज्ञा. प्रत्येक मशीन तोच हिशोब स्वतः करतं, आणि उत्तर सगळीकडे तंतोतंत सारखं यावं लागतं. बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की नकाशा तयार होताना एखादं हरीण किंचित वेगळं उभं राहिलं, तरी काही मिनिटांनी एका गावकऱ्याचा भाला चुकतो, मांस घरी येत नाही, आणि तिथून दोन जगं फाकत जातात. मग 'आउट ऑफ सिंक' येऊन डाव बंद. अशा गेममध्ये राउटरला हात लावू नका. सगळ्यांची आवृत्ती आणि मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) एकच आहेत का ते बघा.

तुमचा भाऊ बीजीएमआय (मोबाइलवरचा नेमबाजीचा गेम) खेळतो आणि त्याचाही गेम अटकतो, असं शेवटी लिहिलंय. मे महिन्यात दुपारी चार्जिंगला लावून खेळत असेल तर नेटवर्क सोडा, फोन तपासा. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, फ्रेम गळतात, आणि दिसायला ते लॅगसारखंच दिसतं. पिंग हिरवा असताना गेम अटकला तर तो ताप समजा. चार्जर काढा, कव्हर काढा, ग्राफिक्स एक पायरी खाली आणा.

राहिला रस्ता. झिरो माइल आपल्याकडे असला तरी सर्व्हर मुंबईत आहे, सव्वाआठशे किलोमीटरवर. फायबरमध्ये उजेड सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद तर निसर्गाचेच. वाटेतली यंत्रं धरून २० ते ३५ आला की त्यावर समाधान माना. पिंग कमी करणाऱ्या ॲपवर पैसे घालवू नका. मात्र रोज संध्याकाळी तो ठरून ६०-७० होत असेल, तर ट्रेसरूट (पाकीट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) सकाळी सहाला आणि रात्री नऊला काढा. माझ्या ऑपरेटरचा माल रात्री दिल्ली फिरून मुंबईला जात होता. "नेट स्लो आहे" या तक्रारीला दोन महिने कोणी उत्तर दिलं नाही. दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून पाठवले, आठवड्याभरात रस्ता सरळ झाला.

आज रात्री नऊला त्या दोन खिडक्या वीस मिनिटं चालू ठेवा आणि घरात कोणाचा फोन काही चढवतोय का ते विचारा. दोन्हीकडचे आकडे इथेच खाली टाका, मी बघून सांगतो.