जावाचे चार खांब पाठ आहेत, पण प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेडचं (माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र ठेवून प्रोग्रॅम लिहायच्या पद्धतीचं) बेसिक पक्कं कसं करू?

तुम्ही लिहिलंय की बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात जावाचा कोर्स लावला. एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चार खांबांच्या व्याख्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतात, पण कोरी फाइल उघडली की पहिली ओळ सुचत नाही. आणि जाता जाता विचारलंय, जावा सोडून पायथन धरू का?

पायथनचं आधी सांगतो: आत्ता नको. तुमची अडचण भाषेची नाही, तिथेही स्वतःचा क्लास (म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा) लिहायची वेळ आली की गाडी याच जागी अडेल. उलट जावाचा कंपायलर (आपला कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) खडूस आहे, आणि शिकणाऱ्याला ते सोयीचं पडतं. प्रायव्हेट ठेवलेल्या गोष्टीला बाहेरून हात लावलात तर तो प्रोग्रॅम चालूच देत नाही. पायथनमध्ये नावाआधी अंडरस्कोर टाकून 'कृपया हात लावू नये' एवढी पाटी लावता येते, मानणं न मानणं समोरच्यावर.

मी बरीच वर्षं जावात काम करतो, आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींचा कोड तपासणं हा रोजच्या कामाचाच भाग आहे. चार खांब सगळ्यांना येतात. अडतं ते त्याच्या कितीतरी आधी: ही माहिती कुणाजवळ ठेवायची, आणि ती बदलायचा हक्क कुणाला द्यायचा? ऑब्जेक्ट ओरिएंटेडची सुरुवात या प्रश्नापासून करायची असते, आणि कोर्समध्ये नेमका तोच कुणी विचारत नाही. तिथलं उदाहरण ठरलेलं: कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करते, दोघंही प्राणी, झालं इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासचा वारसा दुसऱ्याला! त्या कुत्र्याला स्वतःची काही माहितीच नसते, मग ती सांभाळायची कुणी आणि कशाला?

क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना जन्मल्या त्याही अशाच गरजेतून. १९६० च्या दशकात ऑस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांना खऱ्या जगातल्या व्यवस्था संगणकावर चालवून बघायच्या होत्या. म्हणजे एकाच वेळी अनेक वस्तू, प्रत्येकीची आपापली अवस्था, आणि त्यांचं एकमेकींशी चाललेलं काम. त्यातून सिम्युला ६७ ही भाषा आली. जावा बाहेर पडली १९९५ साली.

आता करून बघा. पुण्यात राहता म्हणजे मेस माहीत असणार, तर मेसचाच हिशोब लिहायला घ्या. महिन्याला ६० जेवणं, आधी पैसे भरायचे, आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा धरतात, नाहीतर जेवण गेलं. यात 'सदस्य' हा एकच क्लास करा. त्याच्याकडे तीन गोष्टी: नाव, उरलेली जेवणं, घेतलेले खाडे. तिन्ही प्रायव्हेट.

इथे बहुतेकजण एडिटरला सांगून सगळ्यांचे गेटर-सेटर (किंमत वाचून देणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या मेथड) तयार करून घेतात. तसं करू नका. उरलेल्या जेवणांना सेटर दिला की कुणीही कुठूनही तिथे ५०० लिहू शकतो, मग ते प्रायव्हेट ठेवण्यात अर्थ काय उरला? मेसमध्ये तो आकडा दोनच कारणांनी बदलतो: माणूस जेवला (न सांगता चुकला तरी जेवल्यातच धरायचं) किंवा नवीन महिन्याचे पैसे भरले. मग मेथडही (क्लासला करता येणारी कामं) तेवढ्याच, 'जेवला' आणि 'पैसे भरले'. 'जेवला' आधी बघेल की जेवणं उरली आहेत का, नसतील तर नकार देईल. 'खाडा टाक' ही मेथड तारीख घेईल, आदल्या दिवशी सांगितलंय का ते तपासेल, आणि सांगितलं असेल तरच खाड्यांचा आकडा वाढवेल. नियम सदस्याच्या आतच राहिला, बाहेरच्याला तो माहीत असायची गरजच नाही. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच.

सरावापुरती नावं मराठीतच ठेवा. जावात व्हेरिएबल, मेथड, क्लास यांची नावं देवनागरीत चालतात, कीवर्ड तेवढे इंग्रजीच. जावा १८ पासून फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरीही साठवता येणाऱ्या पद्धतीत) आहे असं कंपायलर धरून चालतो, त्यामुळे तिथेही खोळंबा होऊ नये. नोकरीत मात्र हा हट्ट धरू नका.

मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेथड) लिहून सदस्याची मेथड बोलवायला गेलात की एक एरर हमखास येईल: नॉन-स्टॅटिक गोष्ट स्टॅटिक कॉन्टेक्स्टमधून वापरता येत नाही. घाईत उपाय सुचतो तो असा की मेथडला स्टॅटिक लावा. लावलं की आतल्या व्हेरिएबलबद्दल तक्रार येते, मग त्यालाही स्टॅटिक. एरर जातो, प्रोग्रॅम चालतो, एक सदस्य घेऊन तपासलं तर उत्तरही बरोबर येतं. तपासायला आलेल्या निम्म्याअधिक कोडमध्ये मला हेच दिसतं.

हा घोळ मुद्दाम स्वतः घालून बघा. 'उरलेली जेवणं' स्टॅटिक करा, रमेश आणि सुरेश असे दोन सदस्य बनवा, दोघांना बनवतानाच ६० जेवणं द्या. रमेश तीनदा जेवला. आता सुरेशची शिल्लक छापा: ५७! सुरेश बिचारा मेसच्या दारातही आला नव्हता. स्टॅटिक म्हणजे ती गोष्ट क्लासची, सगळ्यांत मिळून एकच. स्टॅटिक काढा, दोघांची शिल्लक वेगळी होते. क्लास आणि ऑब्जेक्टमधला फरक व्याख्येने डोक्यात शिरत नाही, सुरेशचे ५७ बघितले की शिरतो. त्या एररवरचा खरा उपाय म्हणजे आधी न्यू (new) हा कीवर्ड वापरून ऑब्जेक्ट बनवायचा आणि त्याच्यावर मेथड बोलवायची.

मेनचा हा गुंता सुरुवातीला नकोच असेल तर ब्लूजे वापरा. शिकणाऱ्यांसाठीच बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे. क्लासच्या चौकटीवर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो खाली मांडलेला दिसतो, त्याच्यावर क्लिक करून एकेक मेथड चालवता येते आणि आतले आकडे उघडून बघता येतात. दिसायला जुनाट आहे, पण पहिल्या महिन्यात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही असं माझं मत. त्यानंतर इंटेलिजे किंवा एक्लिप्स या मोठ्या एडिटरांपैकी जे आवडेल ते.

दुसरी जागा, जिथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं, ती म्हणजे रेफरन्स. सदस्य प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये सदस्य नसतो, सदस्य कुठे आहे तो पत्ता असतो. 'अ' मध्ये रमेशचा ऑब्जेक्ट आहे आणि तुम्ही 'ब बरोबर अ' लिहिलंत, तर दुसरा रमेश तयार झाला नाही. दोन्ही नावांचे बाण एकाच चौकटीकडे. 'ब' जेवला की 'अ' ची शिल्लक उतरणार. पहिले काही दिवस प्रत्येक न्यूला एक चौकट आणि प्रत्येक व्हेरिएबलला एक बाण, असं चित्र खरोखर काढा. कंटाळवाणं आहे, तरी काढा.

हे चित्र डोक्यात बसलं की == ची (दोन गोष्टी सारख्या आहेत का ते बघणाऱ्या खुणेची) भानगडही सुटते. कोडमध्येच दोन ठिकाणी "रमेश" लिहून == ने तुलना केली तर उत्तर खरं येतं, कारण कोडमध्ये लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंगसाठी (मजकुरासाठी) जावा एकच ऑब्जेक्ट वापरते. मग तेच नाव स्कॅनरने कीबोर्डवरून घेतलं की उत्तर खोटं! अक्षरं तीच, ऑब्जेक्ट वेगळा, आणि == ऑब्जेक्टसाठी फक्त बाण एकाच चौकटीकडे जातात का तेवढंच बघतं. मजकुराची तुलना इक्वल्स (equals) या मेथडनेच करायची. याचाच चुलतभाऊ इंटिजर (Integer), म्हणजे पूर्णांक ठेवणारा ऑब्जेक्ट. मोठ्या आयच्या इंटिजरची दोन व्हेरिएबल घ्या, दोन्हींत नुसतं १२७ लिहा, == खरं सांगेल. १२८ लिहा, एरवी खोटं सांगेल. उणे १२८ ते १२७ एवढेच आकडे जावा हमखास आधीपासून तयार ठेवते. मुलाखत घेणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न आहे.

नल पॉइंटर एक्सेप्शन म्हणजे ज्या बाणाच्या टोकाला चौकटच नाही त्याला मेथड सांगितली. जावा १५ पासून एररमध्ये नेमकं कुठलं व्हेरिएबल नल होतं तेही आपोआप लिहून येतं, तो मजकूर वाचा. एरर आला की वाचायच्या आधीच कॉपी करून एआयला चिकटवायची सवय लागली असेल तर ती आधी मोडा, निदान शिकेपर्यंत.

पैशांबद्दल थोडक्यात. समजा महिन्याचे ३२०० रुपये. एका जेवणाचे काढायला ३२०० भागिले ६० केलं तर इंटमध्ये (पूर्णांकात) ५३ येतं, पुढचं जातं. डबल (दशांश) घेतलं तर ०.१ अधिक ०.२ हे ०.३०००००००००००००००४ होतं. म्हणून हिशोब रुपयांत नाही, पैशांत (रुपयाचे शंभर) ठेवा, लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकात), आणि छापताना रुपये करा.

आता इनहेरिटन्स, म्हणजे मुलांचा सर्वांत आवडता आणि सर्वांत चुकीच्या जागी वापरला जाणारा खांब. मेसमध्ये दोन्ही वेळचे सदस्य असतात, एक वेळचे असतात. लगेच हात शिवशिवतात: 'सदस्य' हा पालक क्लास, 'दोन्ही वेळचा' आणि 'एक वेळचा' ही त्याची दोन मुलं. पहिले पंधरा दिवस सुरळीत. सोळाव्या दिवशी रमेश म्हणतो, ऑफिसची वेळ बदलली, उद्यापासून फक्त रात्री येईन. झाली पंचाईत! जावात ऑब्जेक्ट ज्या क्लासचा जन्मला त्याच क्लासचा मरेपर्यंत राहतो, त्याची जात बदलता येत नाही. मग नवा ऑब्जेक्ट बनवा, जुन्याचे खाडे तिकडे न्या, यादीत बदला, आणि कुठेतरी जुन्याकडे जाणारा एखादा बाण राहून जातोच.

त्याऐवजी 'योजना' हा एक इंटरफेस (कुठल्या मेथड असायला हव्यात एवढंच सांगणारा करार) करा, त्यात 'बिल काढ' ही मेथड. दोन्ही वेळची योजना, एक वेळची योजना, हे ती मेथड आपापल्या पद्धतीने लिहिणारे दोन छोटे क्लास. सदस्याजवळ एक योजना असते. रमेशने वेळ बदलली की सदस्य तोच, आतली योजना बदलली. महिनाअखेरीस सगळ्या सदस्यांवरून लूप फिरवला की प्रत्येकाचं बिल त्याच्या योजनेप्रमाणे निघतं, कुठेही इफ-एल्सची शिडी नाही. उद्या रविवारच्या फीस्टची वेगळी योजना आली तर एक क्लास वाढेल, लूपला हात लावायचा नाही. पॉलिमॉर्फिझम तुम्ही पाठ केलंय, ते इथे वापरून झालं. इंटरफेसमागे आतला हिशोब दडला, ते ॲबस्ट्रॅक्शन.

इनहेरिटन्स चुकीच्या जागी पडलं की काय होतं याचा नमुना खुद्द जावाच्या लायब्ररीत आहे. तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासचं मूल आहे. स्टॅकमध्ये वस्तू फक्त वरून ठेवायची आणि वरून काढायची, पण व्हेक्टरचा वारसा मिळाल्यामुळे मधेच कुठेही घुसवता येते. जुना कोड मोडू नये म्हणून तो तसाच ठेवलाय, आणि नवीन कोडसाठी डेक (Deque, दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा असं जावाचं डॉक्युमेंटेशनच सुचवतं.

जावा कुठली घ्यायची? २१ किंवा २५, दोन्ही दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्त्या आहेत. कोर्समध्ये २०१४ सालची जावा ८ शिकवत असतील तरी बिघडत नाही, वर लिहिलेल्यातलं जवळजवळ सगळं तिथेही तसंच आहे.

आणि मुलाखतीत चार खांब विचारतातच, त्यामुळे व्याख्या विसरू नका. फक्त उदाहरण द्या म्हटलं की कुत्र्या-मांजराकडे जाऊ नका. खाड्याचा नियम सदस्याच्या आत का ठेवला आणि योजना वेगळी का काढली, ते सांगा. समोरचा पुण्यातल्या मेसमध्ये जेवलेला असेल तर पुढचा प्रश्न बहुधा असा येईल: एकाच दिवशी दुपारी खाडा आणि रात्री पाहुणा घेऊन आला तर तुमचा प्रोग्रॅम काय करेल? त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवा.