‘तबेला’ नावाच्या स्टॉपवर खरंच तबेला होता का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यात कोलशेत रोडला टॉवरमध्ये नव्याने राहायला आलात, शेअर रिक्षावाले तुमच्या गेटला ‘तबेला’ म्हणतात, तर तिथे खरंच तबेला होता का? तुमचं गेट नेमकं कुठलं ते कळलं नाही. पण आमच्या गेटलाही तेच म्हणतात आणि तिथला तबेला आमचाच होता. घरात आम्ही ‘गोठा’ म्हणायचो, ‘तबेला’ हा गिऱ्हाइकांचा शब्द.

चाळीसेक म्हशी होत्या, मेहसाणी आणि मुऱ्हा. रात्री अडीचला धारा, उजाडायच्या आत सायकलला कॅन लावून नौपाड्यापर्यंत रतीब, दुपारी पुन्हा धारा. एकेक म्हैस दिवसाला ५०-६० लिटर पाणी पिते, गोठा धुवायचं पाणी वेगळंच. म्हणून आजोबांनी आधी विहीर खणली, छप्पर नंतर घातलं. उन्हाळ्यात शेजारचे भातवाले राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला शेण घेऊन जायचे. म्हैस व्याली की चीक रतिबाच्या घरी फुकट जायचा. त्याचे पैसे घेणं आजीला पाप वाटे.

बिल्डर आला आणि गोठा गेला, असं लोक धरून चालतात. आमच्याकडे गोठा आधी संपला. मुंबईतले तबेले शहराबाहेर काढायला १९४९ साली आरे वसाहत झाली, तेव्हा ठाणे ‘बाहेर’च होतं. १९८२ला महापालिका झाली, नव्वदीत घोडबंदरचा पट्टा भरू लागला आणि न हलता आम्ही शहराच्या आत आलो. खाचरं गेली तसा पेंढा आणि हिरवा चारा लांबून आणावा लागला. सरकीची पेंड परवडेना. भाकड म्हैस पोसायला जागा नाही, म्हणजे ती विकायची आणि ताजी व्यालेली दुप्पट पैसे मोजून आणायची. त्यात पिशवीचं दूध दारात येऊ लागलं. शेजारच्या पहिल्या इमारतीने वासाची आणि डासांची तक्रार केली. त्याच इमारतीतून संध्याकाळी किटल्या घेऊन मुलं यायची, ‘काका, पाणी न घातलेलं द्या’. शेवटच्या वर्षी दावणीला अकरा म्हशी उरल्या होत्या.

पुढचं सगळं कागदांचं. सातबाऱ्यावरची नावं, चार आत्यांच्या सह्या, बिनशेती, आणि शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी यावर मर्यादा घालणारा नागरी कमाल जमीन धारणा कायदा. तो राज्यात २००७ साली रद्द झाला तेव्हा कुठे आमची फाइल हलली.

आता काय उरलंय म्हणाल, तर आमच्या सोसायटीतला आतला रस्ता बी विंगपाशी उगाच वळतो. नवे लोक आर्किटेक्टला नावं ठेवतात. तिथे आंबा आहे. म्हशी त्याला वळसा घालून ओढ्यावर डुंबायला जायच्या, बिल्डरला तो तोडायची परवानगी मिळाली नाही, म्हणून आज गाड्याही म्हशींच्याच वाटेने वळतात. विहीर पोडियमखाली आहे, बागेला पाणी तिचंच. आणि लॉबीत ‘वारसा’ म्हणून फायबरची काळी-पांढरी विलायती गाय उभी केलीय! आमच्याकडे गाय एकच होती, खिल्लारी, तीही वसुबारसेला पुजायला. आई तिथून जाताना दर वेळी तोंड फिरवते.

तुमच्या जागेचं बघायचं असेल तर सर्व्हे नंबर काढा आणि जुना सातबारा, फेरफार बघा. ठाणे जिल्ह्यातले पुष्कळसे जुने कागद सरकारच्या ‘आपले अभिलेख’वर स्कॅन केलेले आहेत. त्यात तबेला असा शब्द सहसा सापडणार नाही, पण विहिरीची नोंद आणि मालकांची नावं सापडतील. त्याआधी नाक्यावरच्या जुन्या किराणावाल्याला विचारा, ते सोपं.

तुमच्या आवारात विहीर किंवा जुनं झाड असेल तर कुठल्या बाजूला आहे तेवढं खाली लिहा. कोणाचा गोठा होता ते आईला विचारून सांगतो.