डी-१० ला (पाठीच्या वरच्या भागातला दहावा मणका) मार लागलाय. तुटलेल्या नसा परत वाढतात का? स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन भावाला द्यावं का?

स्टेम सेलचं नाव दिसलं म्हणून लिहितेय, नाहीतर असल्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

माझा नवरा आंबे काढताना कलमावरून पडला. आमच्या रत्नागिरीकडे दर मोसमात कुणी ना कुणी पडतंच. त्याचाही डी-१०च. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, आणि टाके निघायच्या आत मोठे दीर मुंबईच्या एका क्लिनिकचं पत्रक घेऊन हजर. तीन इंजेक्शनं, सहा लाख. पैसे कुठून? तर सड्यावरचा कलमांचा तुकडा विकून. त्यांचं म्हणणं एकच: छाटलेल्या कलमाला पालवी फुटते, मग माणसाच्या नसेला का नाही?

फुटते ना. हाताची नस नीट जोडली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मज्जारज्जूत, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या नसांच्या जुडग्यात, तसं होत नाही, कारण तिथल्या तंतूंवरच्या आवरणातच वाढ अडवणारी प्रथिनं असतात (नोगो-ए त्यातलंच एक), वर जखमेचा व्रण आडवा येतो. १९८१ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडून पाहिला. त्या तुकड्यातून तंतू चांगले काही सेंटिमीटर वाढले, पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरले आणि लगेचच थांबले. म्हणजे तंतूत दम आहे, जागा धार्जिणी नाही. हे मी भावोजींना दवाखान्याच्या व्हरांड्यात समजावलं. त्यांनी अर्धंच ऐकलं. "म्हणजे वाढतात ना!"

पुढे एका सकाळी कॅथेटर (लघवीची नळी) घालताना नवऱ्याचा उजवा पाय ताडकन उडाला, ट्रे खाली. सासूबाईंनी देवाला नारळ बोलला, भावोजींनी क्लिनिकला फोन लावला. फिजिओच्या मॅडम आल्या, त्यांनी तळवा हातात घेऊन झटक्यात वर दाबला, तर पाय थडथड थडथड करत राहिला. "हा स्पॅझम आहे, काका. मेंदूचा लगाम सुटला की खालचा मज्जारज्जू आपल्या मनानं पाय उडवतो. त्यांना अंगठा हलवायला सांगा." अंगठा ढिम्म. भावोजींना ते अजून पटलेलं नाही.

तुमच्या भावाचं काय होणार हे एमआरआयवरून कमी आणि एका लाजिरवाण्या तपासणीवरून जास्त कळतं: गुदद्वाराशी स्पर्श कळतो का, तिथे आवळता येतं का. याचा एएसआयए ग्रेड (मज्जारज्जूची इजा किती, ते ए ते ई अक्षरांत) लिहिलेला कागद डॉक्टरांकडे मागा. नवऱ्याला तिथे स्पर्श कळत होता, म्हणजे काही तंतू शाबूत होते. नंतर जे परत आलं ते त्यांच्या जोरावर. शाबूत तंतू नवे फाटे फोडतात, नव्या जोडण्या करतात, आणि त्यासाठी रोज घाम गाळावा लागतो. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत, मग वर्षभर थोडी थोडी. आज तो वॉकर धरून पडवीपर्यंत येतो. "टोचलं असतं तर धावला असता," इति भावोजी. यावर काय बोलणार?

जमीन विकू दिली नाही म्हणून मी अजूनही वाईट. ठीक आहे. पण आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल म्हणजे प्रयोग, आणि प्रयोगाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. सहा लाख मागणारा माणूस औषध विकतोय की आशा, हे घरातल्या थोरांना विचारा. ज्यांना फार पुळका आहे त्यांना रात्री दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची पाळी द्या. आमच्याकडे ते काम कुणी मागून घेतलं नाही.

मी डॉक्टर नाही. ग्रेड ए असेल, म्हणजे तिथे ना स्पर्श कळतो ना आवळता येतं, तर माझ्या नवऱ्यावरून अंदाज बांधू नका. मेंदूला मार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सूज उतरते, शेजारचा भाग थोडंफार काम उचलतो. स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये २०१८ साली मज्जारज्जूवर विजेचे झटके देऊन तिघांना चालवलं तेही खरं, पण तिथेही उरलेल्या तंतूंनाच जागं केलं होतं. खऱ्या ट्रायलमध्ये कुणी घेत असेल तर जरूर चौकशी करा. मात्र बेडसोअर (एका कुशीवर पडून राहिल्यानं होणारी जखम) असला तर बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात, तेव्हा आज रात्री आधी त्याचं माकडहाड बघा.