आजोबांचं काय लिहू?

प्रश्न: आजोबा मुंबईत परळला कापड मिलमध्ये साच्यावर (म्हणजे मागावर) होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. त्यांच्यावर लिहायचंय, पण ते काही पुढारी नव्हते, इतिहासात बसवू कुठे?

उत्तर: अहो बसवायचं कशाला, ते होतेच की त्यात! १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले त्यातलेच ते एक, आणि तो संप रीतसर मागे कधी घेतलाच नाही. पण हे एका ओळीत उरका. आजी असेल तर तिला विचारा, पगार बंद झाल्यावर चूल कशी पेटली, कोण गावी परत गेलं, मिलचा भोंगा थांबल्यावर सकाळी जाग कशी यायची (मला तर हेच वाचायचंय). आणि जुनी पगाराची चिठ्ठी सापडली तर रद्दीत टाकू नका हां, तारखा त्यातच मिळतील.