संगणकावर चालते, प्लेअरवर का नाही?

प्रश्न : डीव्हीडी-आरडब्ल्यूवर घरगुती चित्रफीत उतरवली. संगणकात ती दिसते, टीव्हीच्या जुन्या प्लेअरमध्ये मात्र ‘नो डिस्क’ येते. तबकडी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. कारखान्यात छापलेली एकपदरी डीव्हीडी लेसरचा ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत फेकते; पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे तुमची आरडब्ल्यू, फक्त १८ ते ३० टक्के. दुपदरी डीव्हीडीचे परावर्तनही याच पट्ट्यात येते, त्यामुळे जुना प्लेअर हिला दुपदरी समजून दुसरा थर शोधत बसतो आणि शेवटी हात टेकतो. यावर सेटिंगचा उपाय नाही.

पण आधी दोन गोष्टी तपासा. तबकडी फायनलाइज केली होती का, म्हणजे लेखन पूर्ण करून ती इतर प्लेअरसाठी बंद केली होती का? आणि नुसती फाइल कॉपी केली, की ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ प्रकल्प बनवला? तबकडीत ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर नसेल, तर जुना प्लेअर ती चालवणार नाही. रेकॉर्डरवर व्हीआर (व्हिडिओ रेकॉर्डिंग) पद्धतीने लिहिलेली तबकडीही अनेक प्लेअर नाकारतात. व्हिडिओ मोड निवडा.

तरीही जमले नाही तर डीव्हीडी+आरडब्ल्यू घ्या. काही ड्राइव्ह तिच्यावर ‘बुकटाइप’ (तबकडीचा प्रकार सांगणारी खूण) बदलून डीव्हीडी-रॉम, म्हणजे छापील डीव्हीडी, अशी नोंद करतात आणि हट्टी प्लेअर फसतो. उणे चिन्हाच्या (डीव्हीडी-आरडब्ल्यू) तबकडीवर ही युक्ती चालत नाही. मात्र ८एक्स वेगाची डीव्हीडी+आरडब्ल्यू ४एक्सच्या जुन्या ड्राइव्हमध्ये लिहिलीच जात नाही, हे खरेदीपूर्वी पाहा. कायम ठेवायचे असेल तर सरळ एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर वापरा. तिचे परावर्तन छापील डीव्हीडीच्या जवळ जाते.