जत्रेतल्या जादूत जिवंत पक्षी काढायचा असेल तर

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका कॉलेजच्या मुलाचा प्रश्न आहे. चवथीला वाड्यावर तो पत्ते, दोरी आणि रुमालांचे प्रयोग करतो. आता गावच्या जत्रेत नाटकाआधी अर्धा तास मिळालाय, तर त्यात टोपीतून ससा आणि रुमालातून पांढरं कबुतर काढायचं त्याच्या मनात आहे. डव्ह पॅन, म्हणजे झाकण लावून काढलं की पक्षी दिसतो ते जादूचं भांडं, घेऊ का, कुठला पक्षी, तो आत गप्प कसा राहतो, परवानगी लागते का, असं सगळं एका दमात विचारलंय. मी वयाने बराच मोठा, तेव्हा अरे-तुरे चालवून घे.

सशाचं आधी उरकतो. ससा नको. टोपीतून ससा काढायचा मान बहुतेक जण पॅरिसच्या लुई कोंतला देतात, साल १८१४. तिथली हवा थंड आणि डोक्यावर हॅट रोजचीच. आपल्याकडे हॅट आधी भाड्याने आणावी लागते, मग लोकांना पटवावी लागते. पण खरी अडचण सशाची आहे. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि तालमी तू दुपारीच करणार. मागचे पाय इतके ताकदवान असतात की चुकीचा धरला आणि त्याने जोरात झटका दिला, तर त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून उचलणं हे फक्त चित्रातलं. आणि पेटीत गुपचूप बसलेला ससा शांत असतो असं सगळ्यांना वाटतं, प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो. शिकार होणारं जनावर भीतीने थिजतं. सशाला उताणा करून ‘संमोहित’ करणारे जादूगार तू पाहिले असशील, तो याच भीतीचा खेळ आहे. त्यात कौतुक करण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

आता पक्षी. इंटरनेटवर ज्या देखण्या कृती तू पाहतोस, काळा कोट, कोरा चेहरा, हवेतून एकामागून एक पांढरे पक्षी, त्यांचा साचा अमेरिकन जादूगार चॅनिंग पोलॉकने १९५० च्या दशकात लोकप्रिय केला. त्याच्याआधी मेक्सिकोचा कांतू हे करत होताच. पोलॉकने त्यातली घाई काढून टाकली. एक शब्द न बोलता, पक्षी आला तरी जणू विशेष काही घडलंच नाही असा त्याचा आविर्भाव. १९८२ साली लान्स बर्टनला जागतिक जादू स्पर्धेत ग्रां प्री मिळालं, तेही कबुतरांच्याच कृतीवर. या मंडळींनी वापरलेला पक्षी आपल्या देवळाच्या माडीवर घुमणारा पारवा नव्हे. तो पाळीव होल्याचा पांढरा प्रकार, बाजारात त्याला रिंगनेक डव्ह म्हणतात. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पारवा त्याच्या दुप्पट भरतो आणि धरला की फडफडून नको करतो. नर जास्त घुमतो, म्हणून माहीतगार लोक माद्या ठेवतात. कुळागरात दिसणारा ठिपक्यांचा होला पकडून आणायचा विचारही करू नकोस. पोपट, घुबड, तसंच. रानातला कुठलाही पक्षी पकडला की १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो.

पक्षी गप्प कसा राहतो? अंधारामुळे. अंधार झाला की होला बसल्या जागी थांबतो, घुमत नाही, हलत नाही. शिकवण एवढीच की माणसाच्या हाताची भीती जावी, बोटावर बसावं आणि तिथेच राहावं. त्याला रोज थोडा थोडा वेळ, काही महिने द्यावे लागतात. ते महिने टाळण्यासाठी काही जण पंख चिकटपट्टीने बांधतात. असा माणूस भेटला तर त्याच्याकडून काहीही शिकू नकोस, पत्तेसुद्धा.

शाळेच्या पुस्तकात नसलेली पण तुझ्या कामाची गोष्ट सांगतो. आपल्या छातीखाली श्वासपटल असतं, पक्ष्याला तसं नसतं. त्याच्या छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. म्हणजे नाकासमोर भोकं ठेवली आणि छाती आवळली, तरी पक्षी गुदमरतो. पक्षी लपवायची कापडी पिशवी असो, कोटातली जागा असो वा डबा, पहिला प्रश्न हाच, की छातीला हलायला जागा आहे का. दुसरा प्रश्न उष्णतेचा. पक्ष्याचं अंग मुळात ४१ अंशांच्या घरात. त्याला घाम नाही, चोच उघडून धापा टाकत तो थंड होतो. त्याला तुझ्या सदतीस अंशांच्या अंगाला चिकटवलंस, वर काळा कोट, त्यावर हॅलोजनचे दिवे, आणि हवेत आपला दमटपणा. चोच उघडी दिसली की तालीम तिथेच थांबवायची. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणजे घाण करणार नाही, असा सल्ला कुणी दिला तर सोडून दे. सकाळी नेहमीसारखं धान्य, प्रयोगाआधीचे थोडे तास काही नाही, एवढं पुरे. पाणी कधीच तोडायचं नाही. तरीही तो कोटावर घाण करणारच, धुवायची तयारी ठेव.

जत्रेत खरा घोळ वेळेचा होतो. पत्रिकेवर रात्री ९ लिहिलेलं असतं. मग पालखी देवळात यायची राहते, पाहुणे आमदार दुसऱ्या जत्रेत अडकलेले असतात, ते आले की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, देणगीदारांची नावं, शिवाय ज्याचं नाव राहिलं त्याच्यासाठी पुन्हा माईक. तू नऊला पक्षी आत घालून विंगेत उभा राहिलास तर साडेदहाला बाहेर काय काढशील याचा विचार कर. कबुतरांच्या कृती कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच का असतात, याचं कारण हेच आहे: जादूगार शेवटच्या क्षणी पक्षी आत घेतो आणि पहिल्या काही मिनिटांत बाहेर काढतो. निवेदकाने तुझं नाव पुकारेपर्यंत पक्षी त्याच्या ऐसपैस पिंजऱ्यात, पंख्यापासून आणि लाउडस्पीकरपासून लांब. नाव पुकारल्यावरही कुणी ‘दोन शब्द’ बोलायला उठलं, तर पक्षी परत पिंजऱ्यात. याला एक भरवशाचा माणूस लागतो, ज्याला दुसरं काही काम नाही. बहीण असली तर उत्तम, मित्र त्या वेळी फेरीत खाज्यांच्या दुकानापाशी असतात.

डव्ह पॅनचं गुपित असं काही उरलेलं नाही, ते वस्तूबरोबरच्या कागदावर छापून येतं: झाकणात आणखी एक भांडं बसलेलं असतं, पक्षी त्यात, झाकण लावलं की ते खाली बसतं. पण विकणारे त्यात आग लावून दाखवतात. ज्वाळा, झाकण, कबुतर. टाळ्या मिळतात, खरं आहे. आता आतल्या बाजूने बघ. झाकण पडतं तेव्हा आग पक्ष्याच्या पायाखाली पातळ पत्र्यापलीकडे विझत असते, धूर आणि तापलेला धातू त्याच्यापाशी. माझ्या मते हा प्रकार बंदच व्हायला हवा. तुझ्याकडे झेंडूच्या पाकळ्या आहेत, त्याही जत्रेच्या दिवशी टोपलीभर. पॅन पाकळ्यांनी भर, झाकण, आणि पाकळ्यांतून पक्षी. गोव्याच्या मंडपात ते आगीपेक्षा जास्त शोभेल. धुराचं यंत्र आणि लग्नात नवरा-नवरीच्या पायाशी सोडतात तो कोरड्या बर्फाचा धूरही नको. तो कार्बन डायऑक्साइड जड असतो, खाली साचतो, आणि टेबलाखालचा पिंजराही खालीच असतो.

कोटात पक्षी कुठे असतो आणि रुमालात कसा येतो, ते मी इथे उघड्यावर लिहिणार नाही. तत्त्व तेवढं सांगतो. लोकांची नजर मोठ्या हालचालीमागे जाते आणि लहान हालचाल तिच्या आडोशाने होते. आधीच्या प्रयोगाची टाळी पडत असते तोच तुझा मोकळा क्षण. त्या क्षणी रुमालाकडे तू स्वतः पाहिलंस तर सगळा मंडप पाहतो. हे रिकाम्या रुमालावर, पक्ष्याऐवजी मोज्यात तेवढ्याच वजनाचे तांदूळ भरून घोटायचं असतं. पक्षी तालमीत येतो तो हात न बघता चालायला लागल्यावर.

यानंतर, पक्षी आला, टाळ्या झाल्या, मग तो जाणार कुठे? हॉलमध्ये, म्हणजे फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात किंवा मडगावच्या रवींद्र भवनात, वर गेला तरी छत आहे, दिवे मोठे केले की खाली येतो. जत्रेचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा. रात्रीच्या अंधारात होल्याला नीट दिसत नाही, त्यात दारूकाम सुरू झालं की बिथरलेला पक्षी काळोखात जाईल तो गेलाच. पांढरा, पाळलेला पक्षी, रात्री मांजर आणि घुबड, उजाडल्यावर कावळे. म्हणून उघड्या मंडपात पक्षी उडवणं नाही. आला की बोटावर, तिथून लगेच पिंजऱ्यात, आणि पिंजरा लोकांना दिसेल असा ठेव.

दिसेल असा का, त्याला इतिहास आहे. पिंजऱ्यासकट पक्षी हातातल्या हातात नाहीसा करायचा एक प्रयोग ब्वातिए द कोल्ता या फ्रेंच जादूगाराने १८७० च्या दशकात काढला. लोकांना शंका यायची की यात पक्षी चिरडून मरतो. १९२१ मध्ये इंग्लंडच्या संसदेची समिती खेळातल्या प्राण्यांची चौकशी करत होती, तेव्हा कार्ल हर्ट्झ नावाच्या जादूगाराला समितीसमोर तो प्रयोग करून पक्षी जिवंत असल्याचं दाखवावं लागलं. पुढे १९२५ ला तिथे कायदाच झाला. आपल्या मुलांना ना हर्ट्झ माहीत ना समिती, तरी पक्षी गायब झाला की पुढच्या रांगेतलं पोर विचारतंच, ‘मेला?’ तेव्हा नाहीसं करायच्या फंदात पडू नकोस. फक्त आणायचं.

आता परवानगी. धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, कोर्टाने बंद केल्याचं गोव्यात पोराटोरांना माहीत असतं, पण डब्यातल्या कबुतरालाही कायदा आहे हे कुणाच्या डोक्यात येत नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, आणि खेळात वापरल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ चे. नोंदणी भारतीय पशुकल्याण मंडळाकडे, ज्याचं मुख्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. कायद्यात तिकीट लावलेल्या खेळाचा उल्लेख आहे, त्यावर बोट ठेवून ‘जत्रा फुकट, मग नोंदणी कशाला’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नकोस. २००१ च्या नियमांची व्याख्या अधिक रुंद आहे, आणि १९६० च्या कायद्याचं कलम ११ तर घरात, दारात, सगळीकडेच लागू होतं: प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान जागेत कोंडणं हाच त्यात गुन्हा आहे. आता डव्ह पॅनकडे पुन्हा एकदा बघ. प्राण्याला त्याच्या स्वभावात बसेल असंच काम शिकवावं, असंही ते नियम सांगतात. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना १९९८ पासून खेळात बंदीच आहे. विकत घेताना नोंदणी असलेल्या दुकानातून, पावती घेऊन. पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम २०१८ चे आहेत. सरकारी पशुवैद्याला एकदा पक्षी दाखवून तब्येतीचा दाखला घे, तो नोंदणीलाही लागतो.

एवढं सगळं वाचून तुझी हौस थोडी कमी झाली असेल, तर वाईट वाटून घेऊ नकोस. आमच्याकडचे जुने तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले लोक, बोट सुएझला लागली की दिसणाऱ्या गलीगलीवाल्या जादूगारांच्या गोष्टी सांगायचे. पोर्ट सईदला हे लोक बोटीवर चढत आणि बघ्याच्याच खिशातून कोंबडीचं पिवळं पिल्लू काढत. ना कोट, ना दिवे, ना रंगमंच. लोक हसायचे ते पिल्लू स्वतःच्या खिशातून आलं म्हणून. आज पिल्लू वापरू नये, एका दिवसाच्या पिल्लाला सतत ऊब लागते, खिशात ते टिकत नाही. पण युक्ती घे. स्प्रिंगचं केसाळ बाहुलं मिळतं, हातात नीट खेळवलं तर जिवंत वाटतं. ते देवस्थान समितीच्या अध्यक्षांच्या उपरण्यातून बाहेर आलं, तर कुठल्याही कबुतरापेक्षा मोठा हशा मिळेल. फक्त अध्यक्षांना आधी विचार.

तुझी जत्रा पौषात आहे, म्हणजे पक्षी माणसाळवायला लागणारे महिने तुझ्याकडे नाहीत. यंदा झेंडू, बाहुलं आणि रुमाल. पुढच्या वर्षी एखादं सभागृह मिळालं आणि नोंदणी हातात आली, तर पक्ष्यांचं बघू, त्या वेळी आधी सभागृहाच्या व्यवस्थापकाला विचारून घे, काही ठिकाणी प्राणी आत आणू देत नाहीत. पॅन मात्र आत्ताच घ्यायला हरकत नाही. घेताना झाकण दोन-चारदा उघडझाप करून बघ, स्वस्तातल्या पॅनचं आतलं भांडं अडकतं.